काडीवाला आणि तीरचिमण्या

विमानतळावर सगळ्यांत जास्त काय असतं, असं कुणाला विचारलं तर तो विमानं म्हणेल. चूक. सगळ्यांत जास्त गवत असतं. धावपट्टीच्या दोन्ही अंगांना, टॉवरच्या मागे, थेट कुंपणापर्यंत गवतच गवत. ते कापणारी माणसं कुणाच्या नजरेत भरत नाहीत. विमानाच्या खिडकीतून बघणाऱ्याला मुंगीएवढा ट्रॅक्टर दिसतो आणि मग ढग लागतात.

मी तिथे फिटर होतो. कापणीच्या यंत्रांची पाती काढायची, धार लावायची, वंगण घालायचं, परत चढवायची. माझ्याबद्दल एवढं पुरे. हे लिहितोय ते त्या ट्रॅक्टरवर बसणाऱ्या एका माणसाबद्दल. त्याला सगळे काडीवाला म्हणत.

काडीवाला चोख काम करायचा. चोख म्हणजे काय ते सांगतो, कारण हल्ली हा शब्द कुणालाही लावतात. त्याच्या दोन फेऱ्यांमध्ये न कापलेली रेघ कधी सुटली नाही. वळणावर तो पाती वर उचलायचा, जमीन खरवडू द्यायचा नाही. काम संपल्यावर यंत्राच्या पोटाला चिकटलेलं ओलं गवत स्वतः खरडून काढायचा आणि मगच माझ्या ताब्यात द्यायचा. बाकीचे तसंच सोडून घरी जात. वाळलं की ते गवत सिमेंटसारखं होतं. मी तीस-चाळीस माणसं बघितली असतील ट्रॅक्टरवर. खरडून देणारा हा एकच.

विमानतळावरच्या गवताची एक उंची ठरलेली असते. फार वाढू दिलं तर त्यात उंदीर होतात आणि उंदरांमागे घारी येतात. फार आखूड केलं तर किडे उघडे पडतात आणि ते टिपायला मोठमोठे थवे उतरतात. मोठं पाखरू इंजिनात गेलं तर काय होतं ते सांगायला नको. म्हणून मधली उंची राखायची. मोठी पाखरं त्याला कंटाळून निघून जातात. राहते ती तीरचिमणी. तिला तेच हवं असतं.

तीरचिमणी बघितली नसेल असा माणूस नाही, आणि बघितली हे ठाऊक असलेला माणूस विरळा. मातकट रंग, छातीवर पेन झटकल्यासारखे शिंतोडे, शेपूट सारखी वरखाली. ती साध्या चिमणीसारखी टुणटुण उड्या मारत नाही, पावलं टाकत चालते. घरटं जमिनीवर, गवताच्या बुडाशी, चहाच्या कपाएवढं. विणीच्या दिवसांत नर हवेत चढतो, एकच सूर पुन्हा पुन्हा घोळवतो आणि पंख ताणून छत्रीसारखा तरंगत खाली येतो. डोक्यावरून विमान गेलं तरी हे सगळं चालूच.

आमच्या कापणीच्या टोळीत फार जुनी रीत होती. कापताना घरटं दिसलं की ट्रॅक्टर थांबवायचा, घरट्याशेजारी काडी रोवायची, काडीला लाल फडकं बांधायचं आणि तेवढ्या जागेचं गवत सोडून द्यायचं. पुढच्या फेरीला दुसरा कुणी ट्रॅक्टरवर असला तर त्याला लांबूनच कळावं. ही रीत कुणी काढली माहीत नाही. टोळीत बहुतेक जण आठवलं तर पाळायचे. काडीवाल्याने मात्र ती अंगात भिनवून घेतली. त्याच्या सीटमागे काड्यांचा भारा बांधलेलाच असायचा. नाव तिथून पडलं.

लाल फडकी त्याच्या बायकोकडून यायची. वहिनी घरी शिवणकाम करायच्या. शाळांचे गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे. त्यांच्या मशीनखाली चिंध्यांचा ढीग असे. तो उकरायला काडीवाला खाली बसला की वहिनी पाय न थांबवता म्हणायच्या, "न्या, न्या. त्या पाखरांना अख्खा गणवेशच शिवून देते. माप घेऊन या."

"लाल संपलंय का गं?"

"लाल मुलांना लागतं. पाखरांना निळं चालेल."

"निळं लांबून दिसत नाही."

"मग पाखरांना सांगा, जवळ येऊन बघा म्हणावं."

असं म्हणायच्या आणि लाल कापड कापताना हात जरा सैल सोडायच्या.

त्यांना एकच मुलगी. लहानपणी शाळा सुटली की ती थेट माझ्या शेडमध्ये यायची. मला फिटरकाका म्हणायची. बाहुलीपेक्षा तिला माझा पाना आवडायचा. वायरी सोलायला तिला मीच शिकवलं, आणि चांगली सोलायची. आतल्या तारेला ओरखडा पडू द्यायची नाही. पुढे ती इलेक्ट्रिशियन झाली. काडीवाल्याला अभिमान होता आणि भीतीही होती, आणि भीतीचं पारडं जड होतं. ती खांबावर चढते हे ऐकूनच त्याच्या तळपायाला घाम फुटायचा.

पहिली नोकरी तिला गावातच लागली, विजेच्या लाइनींची देखभाल करणाऱ्या एका ठेकेदाराकडे. पहिल्याच आठवड्यात काडीवाला कामावरून परस्पर तिच्या फोरमनला भेटून आला. म्हणाला, "एकुलती एक आहे. जरा जपा."

फोरमनने जपलं. तिला खांबावर चढवायचं बंद केलं आणि गोदामात बल्ब मोजायला बसवलं. बरोबरच्या पोरांना कारण कळायला वेळ लागला नाही. ती जिना चढली तरी खालून कुणीतरी ओरडायचं, "जपून गं, जपून!" शेवटी शेवटी तिचं नावच 'जपून' पडलं. तिला हाक मारायची झाली तरी 'ए जपून'. तिने बरेच महिने दात आवळून काढले. मग एक दिवस राजीनामा देऊन घरी आली आणि बापाला म्हणाली, "बाबा, मी लांब जातेय. इतकी लांब, की तिथल्या फोरमनला भेटायला तुम्हाला विमानात बसावं लागेल."

रोज शेकडो विमानं बघणारा हा माणूस जन्मात विमानात बसला नव्हता. तिला ते ठाऊक होतं.

ती गेली तेव्हा तो धावपट्टीच्या टोकाला गवत कापत होता. विमान उठलं. तो ट्रॅक्टरवरून उतरला नाही, पण त्या दिवशी त्याच्या दोन फेऱ्यांमध्ये एक रेघ सुटली. मी पाहिली.

मग सुरू झालं ते वाट बघणं.

ती पहिल्यांदा गेली स्कॉटलंडला. तिथल्या उघड्या माळांवर पवनचक्क्या आहेत, त्यांचं काम. फोन यायचा तो बहुधा आमच्या जेवणाच्या सुट्टीत, माझ्या शेडमध्ये. तिथे रेंज चांगली मिळायची. काय बोलायचं हे दोघांनाही कळत नसे. पहिल्या फोनला काडीवाल्याने विचारलं, "तिथे पाखरं काय आहेत?"

"बाबा, तुमची तीरचिमणी आहे की! थोडी वेगळी आहे. हिला कुरणातली तीरचिमणी म्हणतात. माळभर हीच. कोकिळा हिच्याच घरट्यात अंडी टाकून जाते, आणि ही बिचारी स्वतःच्या दुप्पट पिल्लाला भरवत बसते."

"शेपूट हलवते?"

"अगदी तश्शी."

त्याचा चेहरा उजळला. आणि लगेच पुढचा प्रश्न, "कधी येणार?"

ती म्हणाली, "बघू."

पुढे हेच पक्कं झालं. तीरचिमणी आहे का, आणि कधी येणार. पहिल्याचं उत्तर दरवेळी भरभरून मिळायचं, दुसऱ्याचं दरवेळी 'बघू'.

ती नॉर्वेच्या किनाऱ्यावर गेली. तिथे खडकांवरची तीरचिमणी होती, काळपट, लाटेने फेकलेल्या शेवाळातले किडे वेचणारी. लाट आली की उडायची आणि ओसरली की परत तिथेच. मग कॅनरी बेटांवर. तिथली उडायलाच राजी नाही, वाळक्या दगडांमधून नुसती पळते. जवळ गेलं की दोन हात पुढे पळून थांबते आणि वळून बघते. मग कॅनडातल्या गवताळ मैदानात. तिथला नर एवढा उंच चढून गातो की डोळ्यांना दिसत नाही, आवाज तेवढा वरून झिरपतो, आणि एकदा चढला की लवकर उतरायचं नाव नाही. मग न्यूझीलंड. तिथली तीरचिमणी पायवाटेवर माणसाच्या पुढे पुढे चालते, जशी काही वाट तिनेच दाखवायची आहे.

ती फोटो पाठवायची. काडीवाला ते दुकानातून छापून आणायचा. घरच्या भिंतीवर वहिनी काही चिकटवू देत नसत, म्हणून ते माझ्या हत्यारांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेले असायचे. पाना काढायला दार उघडलं की सगळ्या जगाच्या तीरचिमण्या. सगळ्या मातकट. परक्या माणसाला एकच पाखरू वेगवेगळ्या जागी उभं केल्यासारखं वाटलं असतं. काडीवाला मात्र बोट ठेवून सांगायचा, हिची रेघ बारीक, हिची भुवई पांढरी, हिचे पाय काळे.

आमच्याकडे एक फटाकेवाला होता. धावपट्टीवर मोठे थवे उतरले की जीपमधून जाऊन बार उडवायचा आणि त्यांना पळवायचा, हेच त्याचं काम. तो कपाटासमोर उभा राहून म्हणायचा, "काडीवाले, पोरगी जाते तिथे तुमची चिमणी आधीच हजर! पाळतीवर ठेवलीय की काय?"

काडीवाला हसायचा नाही.

"आणि बघा," फटाकेवाला थांबायचा नाही, "तुम्ही पाखरं पाळता, मी पळवतो. पगार मात्र सारखाच."

"तुझा आवाज जास्त येतो," मी म्हणायचो, "एवढाच फरक."

इकडे आमच्या गवतातल्या घरट्यांचं काही खरं नव्हतं. काडीवाला काड्या रोवायचा, गवत सोडायचा, आणि पुढच्या फेरीला बघावं तर घरटं रिकामं. कधी फुटकी टरफलं, कधी तेवढंही नाही. तो म्हणायचा, उंदीर असतील. कधी म्हणायचा, उन्हाने झालं. मग त्याने काड्या वाढवल्या. एकीऐवजी घरट्याच्या चारी बाजूंना चार. फडकी मोठी केली. काड्या वाऱ्याने मोडतात म्हणून जाड काठ्या आणल्या. काडीची काठी झाली तरी नाव काडीवालाच राहिलं. खड्डे खणून, माती ठोकून, हलवून बघून रोवायचा. मेहनतीत कसूर नव्हती. दर हंगामाला काठ्या वाढत गेल्या आणि पिल्लं दिसेनाशी झाली.

त्या काठ्यांवर कावळे बसायचे. मी पाहिले, फटाकेवाल्याने पाहिले, आमच्या टोळीच्या मुकादमाने पाहिले. काडीवाला तर रोज बघायचा. सपाट मैदानात बसायला जागा मिळाली म्हणून बसत असतील, असंच आम्हाला वाटायचं. त्यापुढे एकाचंही डोकं चालू नये, याचं आज नवल वाटतं.

काडीवाल्याची निवृत्ती जवळ आली होती तेव्हा मुलीचा फोन आला तो अगदी जगाच्या टोकाहून. साउथ जॉर्जिया नावाचं बेट आहे, दक्षिण ध्रुवाच्या वाटेवर. तिथे संशोधकांचा तळ आहे. तिथली वीज चालू ठेवायला ती गेली होती. वर्षातून ठरावीक बोटी येतात, विमान उतरायला जागा नाही.

"विमानच नाही?" काडीवाला म्हणाला.

"नाही बाबा. गवत आहे पण धावपट्टी नाही."

"मग पाखरं?"

"पेंग्विन आहेत, मोठमोठे समुद्रपक्षी आहेत. आणि गाणारा पक्षी सगळ्या बेटावर एकच आहे. सांगा कोणता."

काडीवाल्याने माझ्याकडे बघितलं. फोन स्पीकरवर होता.

"तीरचिमणी," मी म्हणालो.

"बरोबर, फिटरकाका! हिच्यापेक्षा दक्षिणेला जगात दुसरी गाणारी चिमणी नाही. उंच गवताच्या झुडपांमध्ये राहते. बाबा, हिची गोष्ट सांगायची म्हणून आज फोन केला."

आणि तिने सांगितली. पूर्वी तिथे सील आणि देवमासे मारणाऱ्यांची जहाजं यायची. जहाजांतून उंदीर उतरले. जमिनीवर घरटं करणाऱ्या पाखराची अंडी म्हणजे उंदरांना वाढलेलं ताट. मोठ्या बेटावरून तीरचिमणी जवळजवळ नाहीशी झाली. उंदीर न पोचलेल्या आजूबाजूच्या लहान बेटांवर तेवढी उरली. मग अलीकडे माणसांनीच हेलिकॉप्टरमधून विषाच्या गोळ्या टाकून उंदीर संपवले. सगळं बेट उंदरांपासून मोकळं केलं.

"आणि आता ती मोठ्या बेटावर परत आलीय, बाबा. तळाच्या दारात चालते."

"कुणी आणून सोडली?"

"कुणी नाही."

"बोलावली कशी मग?"

"बोलावलीच नाही. जागा राहण्यासारखी झाली, म्हणून आली."

काडीवाल्याने विचारलं, "घरट्यांना काड्या लावता ना? माणसं चालत असतील. पाय पडेल कुणाचा."

"नाही बाबा. इथे घरट्याजवळ कुणी काहीही रोवत नाही. मी पहिल्या आठवड्यात एक काडी लावली होती, तर मला बोलणी बसली. इथे मोठे समुद्रपक्षी आहेत, पिल्लं उचलणारे. त्यांचे डोळे फार तेज. गवतात काही वेगळं दिसलं की बघायला येतात. काडी म्हणजे त्यांना आपणच दाखवलेली जागा."

शेडमध्ये पंखा फिरत होता. काडीवाल्याने फोन टेबलावर ठेवला. ती पलीकडून "बाबा? ऐकताय ना?" म्हणत होती.

"ऐकतोय," तो म्हणाला. "म्हणजे मीच दाखवत होतो."

"अहो, तुम्हाला काय माहीत."

"मीच दाखवत होतो. फोरमनला पण."

मी पाती पुसत होतो, पुसतच राहिलो. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "जेवलात का?"

"जेवतो आता," तो म्हणाला. त्या दिवशी त्याने 'कधी येणार' विचारलं नाही.

दुपारी तो ट्रॅक्टर घेऊन गेला आणि सगळ्या काठ्या उपटून आणल्या. आमच्या शेडमागे त्यांचा ढीग झाला, लाल फडक्यांसकट. वहिनींनी ती फडकी घरी मागवून गाठी सोडल्या आणि धुऊन त्यांची पायपुसणी शिवली. वाया काही घालवायच्या नाहीत.

पण काठी नाही तर घरटं राखायचं कसं? पाती कुणाला ओळखत नाहीत. काडीवाल्याने जे केलं ते मी नीट सांगतो, कारण त्यातल्या कष्टाची कुणी कदर केली नाही. दिसलेलं प्रत्येक घरटं त्याने धावपट्टीच्या दिव्यांवरून ध्यानात ठेवलं. अमुक दिव्याच्या रेषेत, टॉवरच्या जिन्याकडे तोंड करून, दोन काटेरी रोपांच्या अलीकडे. तिथे आला की लिव्हर ओढून पाती वर, ओलांडलं की खाली. पण एकाच जागी गवत सोडलं तर तेही कावळ्याला दिसणारच. म्हणून जिथे काहीच नाही तिथेही तो गवत सोडायचा. इथे एक झुबका, तिथे एक. पुढच्या वेळी ते कापायचा आणि दुसरीकडे सोडायचा. आमच्या त्या जुन्या ट्रॅक्टरची लिव्हर ओढणं म्हणजे विहिरीतून भरलेली घागर काढणं. पाळी संपेपर्यंत तो किती वेळा ओढायचा ते मी मोजलं नाही. संध्याकाळी त्याला उजव्या हाताने शर्टाची बटणं काढता येत नसत, एवढं सांगतो.

मुकादमाने मैदान बघितलं आणि कपाळाला हात लावला. "अरे, हे काय? न्हावी अर्ध्यातच पळून गेल्यासारखं दिसतंय!"

"उंची नियमात आहे," काडीवाला म्हणाला. "मोजून बघा."

मुकादमाने पट्टी लावून मोजलं. सोडलेले झुबकेसुद्धा नियमाच्या आत होते, काठावर. "दिसतं मात्र घाणेरडं," तो म्हणाला.

"विमानातून दिसत नाही."

"मला दिसतं ना!"

"तुम्ही विमानात बसा," फटाकेवाला मागून म्हणाला, आणि मुकादमसुद्धा हसला.

त्या हंगामात एका सकाळी काडीवाल्याने मला ट्रॅक्टरच्या पायरीवर उभं करून नेलं. लांबच थांबवलं. इंजिन बंद केलं. "बोट दाखवू नकोस," म्हणाला, "नुसतं बघ." मला आधी काही दिसेना. मग गवतातून एक तीरचिमणी बाहेर आली, चोचीत अळी. इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि घरट्यापासून बरीच आधी उतरून चालत चालत गवतात शिरली. तिलाही जागा दाखवायची नव्हती. थोड्या वेळाने तिच्यामागे आखूड शेपटीची पिल्लं बाहेर आली. एक, मग दुसरं, मग तिसरं धडपडत. शेपूट नसल्यासारखीच, पण जेवढी होती तेवढी हलत होती.

काडीवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्याने ते बाहीने पुसलं आणि इंजिन चालू केलं. काम पडलं होतं.

पिल्लं उडाल्याचं त्याने मुलीला सांगितलं तेव्हा ती पलीकडून ओरडलीच. आणि मग म्हणाली, "बाबा, आईने सांगितलं, तुमचा कामाचा शेवटचा दिवस ठरला."

"हो."

"इथला हिवाळा सुरू व्हायच्या आधीची शेवटची बोट निघेल आता. त्या बोटीने निघाले तर मी तुमच्या शेवटच्या दिवसाला तिथे असेन. नाही निघाले तर मग पुढच्या हंगामापर्यंत नाही. तुम्ही म्हणाल तसं करते. ये म्हणालात तर येते."

एवढ्या वर्षांत ती पहिल्यांदा असं म्हणत होती. इतकी वर्षं जे मागत होता ते समोर आलं होतं.

"उद्या सांगतो," तो म्हणाला.

त्या दिवशी त्याने कुंपणालगतचं सगळं कापलं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत वहिनी डबा घेऊन स्वतः आल्या, शेडमध्ये स्टुलावर बसल्या. त्यांना उत्तर आपल्या कानांनी ऐकायचं होतं. फोन लागला.

"तुझं काम उरलंय का तिथलं?" काडीवाल्याने विचारलं.

"उरलंय," ती म्हणाली. "ओढ्याकडची केबल निम्मी टाकून झालीय. बर्फ वितळल्यावर उरलेली टाकायची. पण दुसरा माणूस येईल, तो टाकेल."

"तो तुझ्यासारखी टाकेल?"

ती हळूच म्हणाली, "टाकेल, बहुतेक."

"बहुतेक म्हणजे नाही," काडीवाला म्हणाला. "उरकून ये."

वहिनींनी डब्याचं झाकण आपटलं. फोन ठेवेपर्यंत थांबल्या आणि मग सुरू झाल्या. "एवढी वर्षं 'कधी येणार, कधी येणार' करून जीव खाल्लात पोरीचा. आणि ती येते म्हणाली तर उरकून ये?"

"तिला राहायचं होतं गं. आवाजावरून कळत होतं."

"आणि माझा आवाज? तो कुणी ऐकायचा?"

"काम अर्धं टाकून आलेली आवडली असती तुला?"

"मला कशीही आवडली असती," वहिनी म्हणाल्या. डबा तसाच ठेवून निघून गेल्या. काडीवाला त्या दिवशी जेवला नाही. मीही नाही. त्याच्यासमोर बसून जेवायचं कसं.

काडीवाल्याचा शेवटचा दिवस त्या बेटावरच्या वसंतात आला. मोठा समारंभ वगैरे काही नव्हता. मुकादम दोन शब्द बोलला, फटाकेवाल्याने त्याच्या सन्मानार्थ एक बार उडवला आणि त्यासाठी टॉवरवाल्यांच्या शिव्या खाल्ल्या. वहिनी नवा शर्ट शिवून घेऊन आल्या होत्या. सगळे शेडमध्ये उभे असताना फोन वाजला.

"बाबा! केबल झाली. काल दिवे लागले. आणि आता ऐका, मी बाहेर उभी आहे, ती गातेय. अगदी डोक्यावर आहे. फोन वर धरते. ऐका हं."

काडीवाल्याने सगळ्यांना हाताने गप्प केलं. फोन स्पीकरवर ठेवला. आम्ही कान लावले.

नुसता वारा. घोंघावणारा, फोनच्या तोंडावर आपटणारा वारा. त्यात काहीतरी बारीक असलंच तर त्याच्या खाली गाडलं गेलं होतं. मी आयुष्यभर यंत्रांच्या गोंगाटातून एक सैल नट ऐकून काढलाय. माझे कान वाईट नाहीत. मला वाराच ऐकू आला.

काडीवाला डोळे मिटून उभा होता.

"आली का ऐकू?" ती परत फोनवर येऊन ओरडली.

"आली," तो म्हणाला. "स्पष्ट आली. आपल्यासारखीच आहे. थोडी भरभर म्हणते."

"हो ना? मला पण भरभरच वाटतं!" ती किती खूश झाली ते तिच्या श्वासावरून कळत होतं. मग तीच म्हणाली, "बाबा, आज विचारलं नाहीत."

"काय?"

"नेहमीचं."

काडीवाल्याने वहिनींकडे बघितलं. वहिनी नव्या शर्टाची घडी हाताने दाबत होत्या, पुन्हा पुन्हा, तिथेच.

"घर इथेच आहे," तो म्हणाला.

वहिनींनी हात पुढे करून फोन घेतला. स्पीकर बंद केला, कानाला लावला आणि दाराबाहेर गवताकडे तोंड करून उभ्या राहिल्या. "आली गं, मलाही ऐकू आली," म्हणाल्या. "फार गोड. अजून थोडी ऐकव."

आणि बराच वेळ तो वारा ऐकत राहिल्या.

काडीवाल्याने नवा शर्ट खुंटीला अडकवला, जुन्याच्या बाह्या वर केल्या, शेडबाहेर उभ्या असलेल्या यंत्राखाली पाठीवर सरकला आणि सकाळचं ओलं गवत खरडू लागला. मी म्हणालो, राहू दे आज, मी करतो. तो म्हणाला, वाळलं तर तुलाच त्रास.